तीनशे चौसष्ट

गणित साधे होते. पडद्यावर पाचशे तीन, त्याखाली दोनशे सदुसष्ट, मधे वजाबाकीची आडवी रेघ आणि उत्तरासाठी एक रिकामी चौकट. संगणकाच्या खोलीत पंचवीस-तीस मुले कानांवर हेडफोन चढवून बसली होती आणि इतकी मुले एकत्र असूनही तिथे बोलण्याचा आवाज नव्हता. कळफलकांची टकटक, पंख्याची घरघर आणि मधूनच कुणाची खुर्ची सरकल्याचा आवाज, एवढेच. मी तिच्या मागे, थोडी डावीकडे, हातात निरीक्षणाचा तक्ता घेऊन उभी होते. माझे काम ठरलेले होते. एकेका मुलाकडे काही सेकंद पाहायचे, ते मग्न आहे, गोंधळले आहे, कंटाळले आहे की वैतागले आहे याची खूण तक्त्यात करायची आणि पुढच्या मुलाकडे वळायचे. बोलायचे नाही, मदत करायची नाही, चेहऱ्यावर काही उमटू द्यायचे नाही, कारण निरीक्षकाने ढवळाढवळ केली की नोंदी बिघडतात. ती बोटाने टेबलावर अंक गिरवत होती आणि तिचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळाने तिने चौकटीत ३६४ लिहिले. चौकट लाल झाली. तिने पुन्हा सगळे बोटाने गिरवले, पहिल्यापासून, तितक्याच सावकाश, आणि पुन्हा ३६४ लिहिले. चौकट पुन्हा लाल झाली. मग तिने मदतीचे बटण पटापट तीनदा दाबले. पहिल्या सूचनेत एककापासून सुरुवात करायला सांगितले होते, दुसरीत डावीकडून उसने घ्यायला आणि तिथे शून्य असेल तर त्याचे नऊ करायला सांगितले होते, तिसरीत सरळ उत्तर होते: २३६. त्या आकड्याकडे ती बघत राहिली. मग तिने तो चौकटीत लिहिला, हिरवी खूण आली, हेडफोनमधून घंटेचा बारीक आवाज माझ्यापर्यंत आला, आणि तिने हेडफोन एका कानावरून सरकवून मागे वळून मला विचारले, "बाई, पण माझं काय चुकलं?"

मी म्हणाले, "पुढचं गणित कर हं."

ती वळली. तक्त्यात तिच्या क्रमांकापुढे 'मग्न' अशी खूण मी आधीच करून ठेवली होती.

या प्रसंगात तसे काहीच घडलेले नाही. मी नियम पाळला, तिने पुढचे गणित उघडले, तास संपला. पण संध्याकाळी संगणकाने टिपलेल्या त्या दिवसाच्या नोंदी चाळताना तिचा प्रश्न माझ्या मागे लागला तो आजतागायत सुटलेला नाही. शिकवणाऱ्या यंत्रांचा अभ्यास करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. मूल चुकते तेव्हा काय होते, हाच त्या अभ्यासाचा गाभा आहे. आणि एक मूल चुकल्यानंतर आपण होऊन माझ्याकडे वळले, त्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा प्रश्न त्याने मला तोंडावर विचारला, तेव्हा मी यंत्रासारखीच त्याला पुढे ढकलले.

आधी त्या ३६४ विषयी. तिने ते अंदाजाने लिहिलेले नव्हते. तीन आणि सात यांत मोठा सात, त्यातून तीन गेले, चार राहिले. शून्य आणि सहा यांत मोठा सहा, त्यातून शून्य गेले, सहा राहिले. पाचातून दोन गेले, तीन राहिले. प्रत्येक स्तंभात लहान अंक मोठ्यातून काढायचा, मग तो वर असो की खाली, असा तिचा नियम होता आणि तो तिने काटेकोरपणे पाळला होता. म्हणूनच दुसऱ्यांदा केल्यावरही उत्तर तेच आले. तिच्या नियमाप्रमाणे ३६४ हे अगदी बरोबर उत्तर होते. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीच्या चुकांवर जो शोधनिबंध लिहिला, तो पहिल्यांदा वाचताना मला कुणीतरी खिडकी उघडल्यासारखे वाटले होते. निकाराग्वातल्या तेराशेहून अधिक विद्यार्थ्यांनी सोडवलेल्या जवळपास वीस हजार वजाबाक्या त्यांनी तपासल्या आणि दाखवून दिले की, निष्काळजीपणाच्या म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या कित्येक चुकांमागे ठाम पद्धत असते. मूल नियम विसरलेले नसते. ते दुसराच नियम मन लावून पाळत असते. अशा प्रत्येक नियमाला त्यांनी संगणकाच्या आज्ञावलीतल्या दोषाचे नाव दिले, 'बग', आणि त्या दोषांची मोठी यादी तयार केली. शून्यापाशी तर अशा दोषांचा घोळकाच असतो. शून्यातून उसने घेता येत नाही म्हणून त्याला ओलांडून पलीकडे जाणारी मुले, शून्यातून काहीही वजा केले तरी खालचाच अंक उतरवणारी मुले, शून्य दिसताच तिथे शून्यच लिहून मोकळी होणारी मुले.

मला त्या कामातला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे त्यांनी केलेला एक खेळ. त्यात संगणक शिक्षक होत नसे, तो विद्यार्थी होई. तो एक चुकीचा नियम मनात धरून वजाबाक्या करून दाखवी, आणि अध्यापनाचे शिक्षण घेणाऱ्यांनी त्याला हवी ती गणिते घालून तो नियम ओळखायचा. ओळखला असे वाटले की संगणक काही नवी गणिते पुढे ठेवून म्हणे, आता या विद्यार्थ्यासारखी तुम्ही सोडवून दाखवा. चूक कळली आहे, हे सिद्ध करण्यासाठी ती चूक त्या मुलाच्या हाताने करता आली पाहिजे, ही अट मला आजही फार सुंदर वाटते. शिकवणाऱ्या यंत्रांच्या जवळपास शंभर वर्षांच्या वाटचालीत यंत्राने माणसाला मुलाचे ऐकायला शिकवल्याची उदाहरणे मोजकी आहेत. त्यांतले हे एक; आणि त्याची आठवण आज फारशी कुणी काढत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

कारण या यंत्रांची सुरुवात निराळ्या ठिकाणी झाली. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात टाइपरायटरसारखे दिसणारे एक यंत्र बनवले. एका छोट्या खिडकीत प्रश्न दिसे, त्याला चार पर्याय असत, त्यांसाठी चार कळा. एक दांडी फिरवली की ते परीक्षा घेण्याऐवजी शिकवू लागे, म्हणजे बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येतच नसे. लाल चौकट आणि अडून राहिलेले गणित यांचे मूळ तिथे आहे. पुढे नोव्हेंबर १९५३ मध्ये मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात पालक म्हणून जाऊन बसले आणि दोन गोष्टींनी अस्वस्थ होऊन परतले. सोडवलेले गणित बरोबर की चूक हे मुलांना तिथल्या तिथे कळत नव्हते, आणि कुणाचे आधीच झालेले असो वा कुणाला जमतच नसो, सगळ्यांना एकाच वेगाने चालावे लागत होते. त्या अस्वस्थतेतून त्यांची यंत्रे आली. त्यांनी पर्याय काढून टाकले, कारण मुलाने उत्तर स्वतः रचावे असे त्यांना वाटे. धडा इतक्या लहान लहान पायऱ्यांत तोडला की मूल शक्यतो चुकूच नये. स्किनर यांची अस्वस्थता खरी होती आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. मात्र त्या रचनेत चूक ही ऐकण्याची गोष्ट राहिली नाही. ती टाळण्याची गोष्ट झाली, आणि टाळता आली नाही तर लवकर ओलांडून जाण्याची.

अर्थात त्यांचे म्हणणे मला अंगावर अनुभवून माहीत आहे. माझ्या लहानपणी गृहपाठाची वही तपासायला जाई ती पाच-सहा दिवसांनी परत येई. तोवर त्या गणितांशी माझे काही नाते उरलेले नसे. शाईचा वास असलेली ती वही उघडली की लाल फुल्या दिसत, त्यांच्या दाबाने पान मागच्या बाजूने उंचावलेले असे आणि त्यावरून बोट फिरवले की फुली हाताला लागे. कोणत्या पायरीवर घसरलो ते त्या फुलीवरून कळत नसे. ती पूर्ण गणितावर काढलेली असे, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. आणि फळा तर त्याहून वाईट. खडू हातात घेऊन फळ्याकडे तोंड करून उभे राहिले की पाठीला सगळ्या वर्गाची नजर जाणवे, आणि सरांचा "हं, पुढे?" इतक्या लगेच येई की डोक्यात जुळत आलेले त्या आवाजाने विस्कटून जाई. एकदा मी उत्तर येत असूनही चुकीचे लिहिले होते, केवळ जागेवर जाऊन बसता यावे म्हणून. हे आठवले की त्या खोलीतली हेडफोन लावलेली मुले मला सुखी वाटतात. त्यांची लाल चौकट त्यांच्याखेरीज कुणाला दिसत नाही. यंत्र थकत नाही, त्रासत नाही, कालच्या चुकीवरून आज टोमणा मारत नाही. दहाव्यांदा चुकलेल्या मुलाशीही ते पहिल्यांदा चुकलेल्याशी वागावे तसेच वागते. ही काही लहान गोष्ट नाही.

तरीही त्या संध्याकाळी नोंदी चाळताना मला तिची जी ओळ सापडली, ती मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. क्रमांक, वेळ, गणिताचा संकेत, उत्तर. एक्केचाळीस सेकंदांनंतर ३६४. मग पुन्हा ३६४. मग तीन सूचना, एकमेकींना खेटून. मग एकतीस सेकंदांचे अंतर. मग २३६. ही प्रणाली या ओळीचे काय करते, ते मला ठाऊक आहे. अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी १९९० च्या दशकात मांडलेली रीत आजही अनेक ठिकाणी या ना त्या रूपात वापरली जाते. प्रत्येक कौशल्यासाठी चार आकडे असतात: मुलाला ते आधीपासून येत असण्याची शक्यता, एका संधीत ते शिकण्याची शक्यता, येत नसताना अंदाजाने बरोबर उत्तर निघण्याची शक्यता आणि येत असताना हात घसरण्याची शक्यता. प्रत्येक उत्तरासरशी हिशेब नव्याने होतो आणि मुलाला ते येत असण्याची शक्यता ०.९५ च्या वर गेली की कौशल्य आत्मसात झाले असे मानून यंत्र पुढे सरकते. ही रीत प्रामाणिक आहे. हिरव्या खुणेने ती फसत नाही. पहिल्या प्रयत्नात काय झाले तेच धरते, म्हणून त्या गणिताची नोंद चूक अशीच झाली. पण चूक म्हणजे शून्य, बरोबर म्हणजे एक. ३६४ लिहिणारी मुलगी आणि कंटाळून १११ लिहिणारा मुलगा त्या हिशेबात सारखेच.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. तीन सूचना खेटून आल्या, त्याचा अर्थ मात्र मला टोचत राहिला. व्हिन्सेंट अलेव्हन आणि केनेथ कोडिंगर यांना असे दिसून आले होते की मुले एक तर मदत मागतच नाहीत, किंवा मागतात तेव्हा मधल्या सूचना न वाचता थेट शेवटच्या, उत्तर सांगणाऱ्या सूचनेपर्यंत धावतात. रायन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या वागण्याचा सविस्तर अभ्यास केला: प्रणालीची रीत ओळखून, शिकण्याला बगल देऊन उत्तर काढून घेणे. असे वारंवार करणारी मुले कमी शिकतात, हेही त्यांनी दाखवले आणि असे वागणे नोंदींवरून ओळखणाऱ्या आज्ञावली, म्हणजे शोधक, तयार झाल्या. त्या मुलीची ओळ अशा शोधकापुढे ठेवली तर तो काय म्हणेल, हे सांगायला मला यंत्र चालवून पाहावे लागत नाही. दोनदा चूक, मग तीनदा झपाझप मदत, मग उत्तराची नक्कल. कागदोपत्री ती फसवणारी मुलगी आहे. आणि मी तिच्या मागे उभी होते म्हणून मला ठाऊक आहे की त्या खोलीत त्या घटकेला तिच्याइतके मनापासून शिकणारे दुसरे कुणी नव्हते.

ते एकतीस सेकंद.

२३६ हे तीन अंक लिहायला दोन सेकंद पुरतात. उरलेले सेकंद ती त्या उत्तराकडे बघत होती. तिची मान किंचित कललेली होती, पडद्याचा निळसर उजेड तिच्या गालावर पडला होता आणि टेबलावरचे बोट थांबले होते. ते उत्तर आपल्या उत्तराशेजारी ठेवून ती दोन्हींत काहीतरी शोधत होती. २००८ मध्ये काही संशोधकांनी नेमक्या या विरामाकडे लक्ष दिले. त्यांचे म्हणणे असे की शेवटची सूचना उघडणे हे नेहमी फसवणे नसते. काही मुले त्या उत्तराचा सोडवून दाखवलेल्या उदाहरणासारखा उपयोग करतात, आणि उत्तर दिसल्यानंतर ते लिहून पुढे जाण्याआधी मूल किती वेळ घेते यावरून त्याचा अंदाज बांधता येतो. तिथे थांबणारी मुले शिकत असण्याचा संभव अधिक. म्हणजे नोंदीत जिथे काहीच नाही, दोन ओळींमध्ये नुसते अंतर आहे, तिथे शिकणे होते. इतकी वर्षे मी त्या नोंदींत उत्तरे वाचत आले. अंतरे वाचायला मी उशिराच शिकले, आणि अजूनही ती मला नीट वाचता येतात असे म्हणवत नाही.

विरामाचे मोल माणसांच्या वर्गातही उशिराच ओळखले गेले. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणे तपासली तेव्हा त्यांना आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एका सेकंदाइतकाच वेळ थांबतात आणि मग प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तो विराम तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांबत, "माहीत नाही" म्हणणे कमी होई, मुले स्वतःहून प्रश्न विचारू लागत आणि ज्यांना सगळे 'मंद' समजत ती मुले बोलू लागत. रो यांनी दुसरा एक विरामही मोजला होता: मुलाचे बोलून झाल्यानंतरचा. मूल थांबते ते पुष्कळदा संपले म्हणून थांबत नाही. पुढचा शब्द शोधत असते. तिथे शिक्षक बोलला नाही, तर मूलच आपले वाक्य पुरे करते, कधी कधी आपले आपण दुरुस्तही करते. तीन सेकंद. फळ्यापाशी उभी असलेली मी आठवते आणि वाटते, माझ्या त्या सरांना कुणीतरी हे सांगायला हवे होते.

पण सरांवर सगळा भार टाकणे बरोबर नाही. एकट्या मुलाला शेजारी बसवून शिकवणारा माणूस म्हणजे शिक्षणाची परमावधी, असे आमच्या क्षेत्रात फार काळ गृहीत धरले गेले. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये लिहिले की स्वतंत्र शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे गेला, आणि तेव्हापासून प्रत्येक नवे यंत्र त्या उंचीकडे बोट दाखवत आले. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये कितीतरी अभ्यास एकत्र मांडून पाहिले तेव्हा चित्र बरेच खाली आले. ज्या मापावर ब्लूम यांचा परिणाम दोनच्या आसपास येतो, त्याच मापावर माणसाच्या शिकवणीचा परिणाम ०.७९, पायरीपायरीला प्रतिसाद देणाऱ्या यंत्राचा ०.७६. नुसते शेवटचे उत्तर तपासणारी यंत्रे मात्र ०.३१ वरच थांबली. यावरून बरेच जण यंत्र माणसाच्या बरोबरीला आले असा आनंद करतात. मला त्यात माणसाविषयीचीच एक खिन्न करणारी गोष्ट दिसते. मिशेलिन ची या संशोधिकेच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले होते की शिकवणी घेणाऱ्या माणसांना मुलाच्या मनात कोणता चुकीचा समज आहे हे फारसे ओळखता येत नाही. आपण शिकवलेले कितपत बरोबर पोहोचले याचा त्यांना बरा अंदाज असतो, पण न पोहोचलेल्याच्या जागी मुलाने काय मांडून ठेवले आहे, ते त्यांना दिसत नाही. म्हणजे शेजारी बसलेला माणूससुद्धा ३६४ ऐकत नाही. तो २३६ समजावून सांगतो. मी तर तेवढेही केले नव्हते.

हजारो-लाखो विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत ही गोष्ट आणखी ठळक होते. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये जे प्रसिद्ध झाले, त्यानुसार नाव नोंदवलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक लोक अभ्यासक्रमाच्या पानांवर कधी आलेच नाहीत, आणि २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण एकूण नोंदणीच्या ३.१३ टक्के होते. सोडून गेलेल्यांपैकी कितीजण "माझं काय चुकलं?" असे पडद्याशी म्हणून उठले असतील, याची नोंद कुठल्या रकान्यात असणार?

आता चॅटजीपीटीसारखी बोलणारी यंत्रे आली आहेत, आणि त्या प्रसंगानंतर काही दिवसांनी मी त्यांतल्या एकाला ते गणित आणि ३६४ हे उत्तर लिहून विचारले, काय चुकले? उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आले. प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला दिसतो, असे त्याने नेमके ओळखले, मग शतकापासून दशकापर्यंत आणि दशकापासून एककापर्यंत उसने कसे येते ते न चुकता, प्रेमळ शब्दांत समजावले. ब्राउन आणि बर्टन यांनी जी यादी इतक्या कष्टाने केली, ती जणू त्याच्या जिभेवर होती. माझे मन भरून आले, हे मी लपवत नाही. असे काहीतरी त्या मुलीला त्या घटकेला मिळायला हवे होते. आणि लगेच हेही जाणवले की प्रश्न मी विचारला होता, पूर्ण वाक्यात, कुठे पाहायचे ते आधीच माहीत असलेल्या माणसाने. तुर्कस्तानातल्या जवळपास एक हजार शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात, अशा यंत्राची मोकळी मदत मिळालेल्या मुलांनी सरावाची गणिते ४८ टक्के अधिक चांगली सोडवली. नंतर यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुले यंत्र कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. उत्तर न देता सूचना देईल असे मुद्दाम घडवलेले यंत्र ज्यांना मिळाले, त्यांच्या बाबतीत ही हानी जवळजवळ दिसली नाही. ते निष्कर्ष वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ते एकतीस सेकंद येत होते. ज्याला प्रत्येक प्रश्नाचे इतके सुरेख उत्तर इतक्या लगेच मिळते, त्याची मान कलायला, बोट थांबायला वेळ कुठून मिळणार?

आठ दिवसांनी मी त्या खोलीत पुन्हा गेले, या वेळी तक्त्याशिवाय. तास संपत आला होता आणि मुले हेडफोनच्या वायरी गुंडाळत होती. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि तिला विचारले, मागच्या वेळी तू मला काहीतरी विचारलं होतंस, आठवतं? ती माझ्याकडे बघत राहिली. "काय विचारलं होतं?" तिला खरोखर आठवत नव्हते. आठ दिवस मी जो प्रश्न बाळगून होते तो तिच्यापाशी राहिलेलाच नव्हता, आणि मला हे का लागले ते मी तेव्हा नीट सांगू शकले नसते. मी पाठकोरा कागद घेऊन त्यावर ६०४ उणे ३७८ लिहिले आणि पेन्सिल तिच्याकडे सरकवली. या वेळी तिने बोटाने गिरवले नाही. चारावर एक टिंब दिले, चौदा केले, आठ वजा करून सहा मांडले. शून्यावर तिरकी रेघ मारून वर ऐटीत नऊ लिहिला, सात वजा करून दोन मांडले. मग सहातून तीन, तीन. ३२६. तिने कागद माझ्याकडे फिरवला.

दुसरी सूचना मला आठवली. शून्य असेल तर त्याचे नऊ कर. तिने ती अक्षरशः पाळली होती. सांगून टाकावे असे माझ्या अगदी ओठांवर आले. मी म्हणाले, "कसं केलंस, मला सांग ना."

"चारातून आठ जात नाहीत. मग इकडून घेतले." पेन्सिलीचे टोक शून्यावर गेले. "इथे शून्य आहे, म्हणून त्याचे नऊ झाले."

ती थांबली. मला वाटले तिचे संपले. बाहेर मुलांचा गलका वाढला होता, कुणीतरी दाराशी येऊन तिला हाक मारून गेले. मी काही बोलले नाही. मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजले, आणि तीन झाल्यावरही मोजत राहिले. पेन्सिलीचे टोक त्या नऊवर होते. मग ते हळूहळू डावीकडे सरकले, सहापाशी आले, परत नऊपाशी गेले. तिची मान कलली.

"बाई," ती म्हणाली, "पण मग हा नऊ आला कुठून?"